कार्यालयाच्या इमारतीत स्वच्छतागृह कसे आखावे : नवख्यांसाठी मार्गदर्शक

व्यापारी इमारतीच्या मजल्याचा पहिला नकाशा काढताना नवखा आर्किटेक्ट आधी लिफ्ट आणि जिने बसवतो, मग टेबल-खुर्च्या मोजतो, मग बैठकीच्या खोल्या मांडतो आणि उरलेल्या कोपऱ्यात ‘टॉयलेट’ असे लिहून मोकळा होतो. इमारत वापरात आल्यावर मात्र देखभाल पाहणाऱ्या माणसाचा बराचसा दिवस त्याच कोपऱ्यात जातो. कधी खालच्या मजल्याच्या छताला ओल येते, कधी सकाळी दार उघडताच वास येतो, कधी बेसिन तुंबते. यातल्या बहुतेक तक्रारींचे मूळ प्लंबरच्या हलगर्जीपणात नसते. डक्ट, म्हणजे उभे पाइप नेणारी पोकळी, कुठे ठेवायचा आणि पाइप बसावेत म्हणून स्वच्छतागृहापुरता स्लॅब किती खाली घ्यायचा हे ज्या दिवशी ठरले, त्या दिवशीच त्या तक्रारी नकाशात शिरलेल्या असतात.

स्वच्छतागृहाची परीक्षा ताबा देण्याच्या दिवशी करू नये, कारण त्या दिवशी कोणतेही स्वच्छतागृह सुंदरच दिसते. कामाच्या दिवशी दुपारी चार वाजता ते कसे आहे, हे पाहावे. तोवर मजल्यावरचे सगळे लोक दोन-तीनदा येऊन गेलेले असतात, जेवणानंतर चुळा भरून झालेल्या असतात, जेट वापरून जमीन ओली झालेली असते आणि सफाईची दुसरी फेरी अजून व्हायची असते. पुढील प्रत्येक पायरीवर निर्णय घेताना ही वेळ डोळ्यांपुढे ठेवावी.

समजुतीसाठी एक उदाहरण सोबत घेऊ. पुण्याच्या बाणेर-हिंजवडी पट्ट्यात असते तशी एक पाच मजली कार्यालयीन इमारत धरा. प्रत्येक मजल्यावर १२० माणसे बसतात आणि त्यांपैकी ६० स्त्रिया व ६० पुरुष आहेत.

पहिली पायरी : आधी माणसे मोजा

किती भांडी, म्हणजे शौचकूप, युरिनल आणि बेसिन, लागतील याचा किमान हिशेब राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मध्ये दिलेला आहे. कार्यालयांसाठी पुरुषांच्या बाजूला दर २५ जणांमागे एक शौचकूप, स्त्रियांच्या बाजूला दर १५ जणींमागे एक शौचकूप आणि दोन्हीकडे दर २५ जणांमागे एक बेसिन असावे, असे हे प्रमाण आहे. पुरुषांसाठीच्या युरिनलची पायऱ्यापायऱ्यांची सारणी वेगळी आहे : ७ ते २० पुरुषांसाठी एक, २१ ते ४५ साठी दोन, ४६ ते ७० साठी तीन आणि ७१ ते १०० साठी चार.

हा हिशेब आपल्या मजल्याला लावून पाहा. ६० पुरुषांना तीन शौचकूप आणि तीन युरिनल मिळतात, म्हणजे एका वेळी सहा जणांची सोय होते. ६० स्त्रियांना चार शौचकूप मिळतात, म्हणजे एका वेळी चौघींची. नियम वाचताना स्त्रियांचे प्रमाण अधिक उदार वाटते, पण बेरीज केली की चित्र उलटे होते. त्यात स्त्रियांना प्रत्येक वेळी कडी लावून आत जावे लागते, कपडे सावरावे लागतात आणि पाळीच्या दिवसांत अधिक वेळ लागतो, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत रांग त्यांच्याच दारापुढे लागते. सार्वजनिक जागांतील हीच विषमता स्त्रियांसाठी सार्वजनिक स्वच्छतागृहांची मागणी करणाऱ्या मुंबईतील ‘राइट टू पी’ चळवळीने चव्हाट्यावर मांडली होती. कार्यालयाच्या इमारतीत ती दूर करणे पूर्णपणे आपल्या हातात असते, कारण संहितेतील आकडा किमान मर्यादा सांगतो आणि त्याहून जास्त द्यायला कोणाचीच मनाई नाही. आपल्या उदाहरणात मी स्त्रियांसाठी सहा शौचकूप धरेन आणि ती जागा बैठकीच्या खोलीतून काढावी लागली तरी काढेन.

मोजणी करताना टेबलावर बसणाऱ्यांच्या पलीकडची माणसेही मोजावीत. सुरक्षारक्षक, वाहनचालक, सफाईचे कर्मचारी, डबे आणि पार्सले आणणारी मुले या सर्वांना सोय लागते, आणि तळमजल्यावर त्यांच्यासाठी वेगळा विचार केला नसेल तर ती माणसे इमारतीच्या मागच्या भिंतीकडे वळतात आणि मग तिथे देवांच्या चित्रांच्या टाइल लावण्याची वेळ येते. तळमजल्यावर वाहनतळाजवळ स्त्रिया आणि पुरुष दोघांसाठी स्वच्छतागृह ठेवावे आणि त्यात किमान एक भारतीय बैठकीचे भांडे असावे. ज्यांना कमोडची सवय नाही, त्यांना दुसरा पर्यायच न देणे आणि मग सीटवर उमटलेल्या चपलांच्या ठशांबद्दल कुरकुर करणे हा दुटप्पीपणा आहे.

कायद्याची बाजू येथे थोडक्यात सांगून टाकतो. कारखान्यांत स्त्री-पुरुषांसाठी वेगळी, बंदिस्त सोय कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम १९ ने बंधनकारक केली होती; हा अधिनियम २०२५ पर्यंत लागू होता. दुकाने आणि कार्यालये यांच्यासाठी महाराष्ट्रात २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियम आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या अधिनियमामुळे सुगम्य स्वच्छतागृह ही मेहेरबानी उरलेली नाही. इमारतीची परवानगी मात्र स्थानिक विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे मिळते, तेव्हा मुंबईत आणि उर्वरित महाराष्ट्रात वेगवेगळी नियमावली लागू आहे हे लक्षात ठेवून, खोलीचे आणि खिडकीचे किमान माप आपल्या शहराच्या चालू नियमावलीतूनच घ्यावे.

दुसरी पायरी : जागा आणि डक्ट एकत्र ठरवा

स्वच्छतागृहाची जागा ठरवणे म्हणजे मैला वाहून नेणाऱ्या उभ्या पाइपाची जागा ठरवणे होय. सर्व मजल्यांवरची स्वच्छतागृहे एकावर एक यावीत, म्हणजे हा पाइप वरून खालपर्यंत सरळ उतरतो. मध्येच कुठे पाइप आडवा वळवावा लागला, तर नेमके त्याच वळणावर पुढे तुंबते. भांड्यापासून उभ्या पाइपापर्यंतचे अंतर जितके कमी, तितके बरे. शंभर-एकशे दहा मिलीमीटरच्या पाइपाला साधारण साठास एक असा ढाळ लागतो, म्हणजे भांडे सहा मीटर दूर असेल तर केवळ ढाळापोटी १०० मिलीमीटर खोली खर्च होते. त्यात पाइपाची स्वतःची जाडी, ट्रॅप (वास अडवण्यासाठी पाणी धरून ठेवणारा भाग) आणि जोड मिळवले की स्लॅब फूटभर किंवा त्याहून जास्त खाली घ्यावा लागतो. हे गणित स्ट्रक्चरल इंजिनिअरला स्लॅबचे नकाशे काढण्याआधी द्यायचे असते. स्लॅब पडल्यावर हे कळले, तर गवंडी स्वच्छतागृहाची जमीनच पायरीभर उचलतो आणि चाकाच्या खुर्चीचा रस्ता कायमचा बंद होतो.

डक्टमध्ये माणूस शिरू शकला पाहिजे. नवख्यांच्या नकाशात डक्ट बहुधा एका हाताच्या रुंदीचा असतो, कारण त्या जागेचे भाडे मिळत नाही. पुढे पाइपाचा जोड सुटला की प्लंबर शिरणार कुठून, हा प्रश्न उरतो आणि मग आतून टाइल फोडाव्या लागतात. किमान ७५० मिलीमीटर मोकळी रुंदी, प्रत्येक मजल्यावर आत जायला दार, उभे राहण्यासाठी जाळी आणि एक दिवा, एवढे दिले तरी पुढची वीस वर्षे सुखाची जातात.

स्वच्छतागृहाच्या खाली काय येते हेही पाहावे. विजेचे पॅनेल, सर्व्हरची खोली आणि स्वयंपाकाची जागा यांच्यावर स्वच्छतागृह ठेवू नये. इमारतीत मजले वेगवेगळ्या भाडेकरूंना दिले जात असतील, तर आपले पाइप खालच्याच्या फॉल्स सीलिंगमधून जाणार का, हेही आधीच ठरवावे, कारण गळतीची दुरुस्ती करायला शेजाऱ्याच्या बंद कार्यालयात शिरण्याची परवानगी मिळवणे हे दुरुस्तीपेक्षा अवघड काम ठरते. आणखी एक गोष्ट पुस्तकांत सापडत नाही, पण इथे काम करायचे तर ठाऊक असावी : ईशान्येला स्वच्छतागृह नको, असे मालक सांगणारच. तुमचा वास्तुशास्त्रावर विश्वास असो वा नसो, हा प्रश्न पहिल्या बैठकीत विचारून घ्या, नाहीतर तो प्लंबिंगचे नकाशे मंजूर झाल्यावर येतो.

तिसरी पायरी : आतली मांडणी

आता स्त्रियांच्या बाजूचे सहा क्यूबिकल, म्हणजे शौचकूपाचे बंद कप्पे, एका ओळीत मांडून पाहू. प्रत्येकाची रुंदी ९५० मिलीमीटर धरली तर ओळ ५.७ मीटरची होते. क्यूबिकलची खोली दीड मीटर, समोर चालायला १.२ मीटर आणि त्यापुढे बेसिनचा ओटा ६०० मिलीमीटर, अशी एकूण ३.३ मीटर रुंदी लागते. म्हणजे प्रवेशाची जागा सोडून खोली साधारण १९ चौरस मीटरची, आपल्या नेहमीच्या भाषेत दोनशे चौरस फुटांची झाली. क्यूबिकल ९०० मिलीमीटर रुंदीचेही चालते, पण पर्स, डबा आणि ओढणी सावरत वळणाऱ्या बाईला ते वाढीव ५० मिलीमीटर जाणवतात.

दार उघडल्यावर बाहेरच्या माणसाला आतले काय दिसते, हे नकाशावर रेषा मारून तपासावे. थेट नजर अडवणे सोपे असते, पण आरशातून जाणारी नजर बहुतेक जण विसरतात. युरिनलच्या समोर बेसिनचा मोठा आरसा आणि आरशाच्या कोनात उघडे दार, अशी रचना मी स्वतः एका चांगल्या म्हणवणाऱ्या इमारतीत पाहिली आहे. तिथे शेवटी आरशावर कागद चिकटवावा लागला होता. शक्य तिथे दोन वळणांचा प्रवेश द्यावा. तो थोडी जास्त जागा घेतो, पण ओल्या हाताने दाराची मूठ धरण्याची गरजच संपते.

क्यूबिकलच्या पार्टिशनसाठी हल्ली बारा मिलीमीटर जाडीचे कॉम्पॅक्ट लॅमिनेटचे फलक सर्रास वापरतात आणि ते पाण्याला टिकतात. खाली किती फट ठेवायची, यावर दोन मते आहेत. १५० मिलीमीटरची फट असली तर जमीन एका दमात धुता येते आणि आत कोणी चक्कर येऊन पडले तर कळते. पण आपल्याकडच्या अनेक स्त्रियांना ती फट नकोशी वाटते आणि त्यांचे म्हणणे योग्य आहे. मी स्त्रियांच्या बाजूला जवळजवळ जमिनीपर्यंत येणारे फलक देतो आणि कडी मात्र बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल अशीच घेतो. रिकाम्या क्यूबिकलचे दार किंचित उघडे राहील अशी बिजागरी बसवावी, म्हणजे प्रत्येक दार ढकलून पाहण्याचा संकोच वाचतो.

क्यूबिकलच्या आत चार गोष्टी हाताच्या अंतरावर हव्यात : पर्स अडकवण्याइतका दणकट हूक, मोबाइल ठेवायला छोटी फळी, जेटचा स्वतंत्र कॉक आणि सॅनिटरी पॅडसाठी झाकणाचा डबा. हा डबा बाहेर बेसिनपाशी ठेवला तर पॅड कमोडमध्ये टाकले जातात आणि पाइप तुंबतो, मग वापरणाऱ्यांना दोष देणाऱ्या सूचना भिंतीवर लागतात. हूक दाराच्या मागे वरच्या बाजूस असावा. जमिनीवर सामान ठेवावे लागेल असे क्यूबिकल आपल्याकडे निकामी समजावे, कारण जेटमुळे जमीन ओली राहणार हे गृहीतच आहे. याच कारणाने जमिनीची टाइल खडबडीत पृष्ठभागाची घ्यावी. चकचकीत टाइलचा नमुना दुकानात कोरडा असतो, हे विसरू नये.

कमोड भिंतीवर टांगलेला असावा, असे माझे ठाम मत आहे, कारण त्याखालून पुसणी सरळ फिरते. मात्र तो साध्या एएसी (सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकच्या भिंतीत बोल्ट ठोकून टांगू नये. असे ब्लॉक हलके आणि ठिसूळ असल्यामुळे बोल्ट कालांतराने सैल होतात. जमिनीवर पाय रोवलेली लोखंडी चौकट भिंतीच्या आत बसवावी, तीच टाकीलाही आधार देते. टाकीच्या दुरुस्तीसाठी बटणाची पट्टी काढून आत हात घालता येतो का, तेवढे मात्र विकत घेण्याआधी करून पाहावे. फ्लश तीन आणि सहा लिटरच्या दोन बटणांचा घ्यावा.

पाण्याचा हिशेब इथेच करून ठेवू. संहितेनुसार कार्यालयात माणशी रोज ४५ लिटर पाणी धरतात, त्यातले २५ लिटर वापरासाठी आणि २० लिटर फ्लशसाठी. आपल्या इमारतीत ६०० माणसे आहेत, म्हणजे फ्लशलाच रोज १२,००० लिटर लागतील, जे दहा हजार लिटरच्या टँकरपेक्षा जास्त आहे. उन्हाळ्यात त्या भागातल्या इमारती टँकरवर कशा जगतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला फ्लशसाठी प्रक्रिया केलेल्या पाण्याची वेगळी नळवाहिनी का घालायची, हे समजावून सांगावे लागत नाही. ही दुहेरी वाहिनी सुरुवातीलाच घालावी लागते, नंतर ती घालणे म्हणजे सगळे पुन्हा फोडणे. जेटचा नळ मात्र चुकूनही त्या वाहिनीवर जोडला जाऊ नये. दोन वाहिन्यांचे रंग वेगळे ठेवून त्या साइटवर स्वतः तपासाव्यात. बोअर आणि टँकरचे पाणी बहुधा जड असते, त्याने सेन्सरच्या नळांत आणि जाळ्यांत पांढरा क्षार साचतो. म्हणून आयात केलेला नाजूक नळ निवडण्यापूर्वी त्याची जाळी सुटी मिळते का, एवढा एकच प्रश्न दुकानदाराला विचारावा.

बेसिनबद्दल एक आपल्याच सवयीची गोष्ट. दुपारी दीडनंतर लोक येथे चुळा भरतात आणि काही जण डबेही धुतात. त्यामुळे भाताची शिते, तेल आणि मसाला पाइपात जातो. ‘येथे डबे धुऊ नयेत’ अशी पाटी लावून हे थांबत नाही. पँट्रीत खोल, गरम पाणी येणारे सिंक दिले की आपोआप थांबते. बेसिन ओट्याच्या खालून बसवावे, कारण ओट्यावर वाटीसारखे ठेवलेले बेसिन दिसायला देखणे असले तरी त्याच्या सभोवती सतत पाणी साचते. हात वाळवण्याचे यंत्र किंवा कागद बेसिनच्या अगदी शेजारी असावा. ते दाराजवळ असले, तर बेसिनपासून दारापर्यंत थेंबांची वाट तयार होते.

सुगम्य स्वच्छतागृह ही वेगळी खोली असावी. तिचे आतले माप साधारण २.२ मीटर बाय २ मीटर असावे, चाकाची खुर्ची वळवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा मिळावी, दाराची मोकळी रुंदी ९०० मिलीमीटर असावी आणि दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे. कमोडची सीट जमिनीपासून ४५० ते ४८० मिलीमीटर उंचीवर, दोन्ही बाजूंना आधाराचे दांडे आणि जमिनीवर पडलेल्या माणसाच्याही हाताला लागेल अशी मदतीच्या घंटेची दोरी असावी. ही खोली स्त्री-पुरुष अशा कोणत्याही एका बाजूच्या आत ठेवू नये, कारण मदतनीस बहुधा पत्नी, पती किंवा मुलगा असतो. ती मोकळ्या मार्गिकेवर स्वतंत्र असली, तर तृतीयपंथी कर्मचाऱ्यांनाही कोणाला काही न विचारता वापरता येते. अशा खोलीत खुर्च्या आणि खोकी रचून ठेवलेली मी इतक्या ठिकाणी पाहिली आहेत, की मजल्यावर गोदामाची सोय आहे ना, हे मी आता आधी तपासतो.

चौथी पायरी : ढाळ, ट्रॅप आणि गळती

प्लंबरांच्या तोंडी देशभर असणारा ‘नहाणी ट्रॅप’ हा शब्द आपल्या न्हाणीशी नाते सांगतो. पण काम करताना त्या ट्रॅपमध्ये साठणाऱ्या ५० मिलीमीटर पाण्याकडे लक्ष द्यावे. पाइपातला वास आणि खोली यांच्यामध्ये तेवढेच पाणी आडवे उभे असते. ज्या जाळीत रोज पाणी जात नाही, तिथले ते पाणी उन्हाळ्यात वाळते आणि मग कितीही फिनेल ओतले तरी वास जात नाही. २०२० च्या टाळेबंदीनंतर बंद कार्यालये उघडली तेव्हा अनेकांनी हा अनुभव घेतला. उपाय साधा आहे : जमिनीच्या जाळ्या गरजेपुरत्याच ठेवाव्यात, शक्य तिथे बेसिनचे पाणी त्यांतून जाऊ द्यावे, म्हणजे ट्रॅप सतत भरलेला राहतो, आणि दीर्घ सुट्टीनंतर प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतण्याची सवय देखभालीच्या माणसाला लावावी.

जमिनीचा ढाळ जाळीकडे असावा, हे वाक्य प्रत्येक नकाशावर असते आणि तरीही पाणी कोपऱ्यात साचते. कारण ढाळ टाइल बसवताना दिला जातो. तो त्याच्या आधी, वॉटरप्रूफिंगवरच्या थरात दिलेला असावा, म्हणजे टाइलखाली मुरलेले पाणीही जाळीकडेच जाते. खाली घेतलेला स्लॅब आपल्याकडे विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून भरतात. या कोब्यात एकदा पाणी शिरले की ते महिनोन्‌महिने तिथेच राहते आणि एके दिवशी खालच्या मजल्यावर भलत्याच ठिकाणी उगवते. म्हणून भराव घालण्यापूर्वी त्या खड्ड्याच्या तळातून डक्टमध्ये निघणारी एक बारीक नळी ठेवावी. ती ठिबकू लागली की आतल्या गळतीची खबर मिळते. हा खर्च चहाच्या बिलाइतका आहे आणि तरीही तो क्वचितच केला जातो.

वॉटरप्रूफिंग झाल्यावर खड्डा पाण्याने भरून किमान ४८ तास, जमल्यास ७२ तास ठेवावा आणि खालून छत पाहावे. ठेकेदार घाईत असतो, टाइलवाले दारात उभे असतात आणि ही चाचणी ‘झाली’ असे सांगितले जाते. पाण्याच्या पातळीवर खडूची खूण करून तिचा तारखेसह फोटो घेतल्याशिवाय पुढच्या बिलावर सही करू नये. टाइलच्या सांध्यांत इपॉक्सीचे ग्राउट भरावे. साधे सिमेंटचे ग्राउट टॉयलेट-ॲसिडने झिजते, आणि तुम्ही कितीही सांगितले तरी कोणी तरी ॲसिड वापरणारच. त्याच कारणाने बेसिनच्या ओट्याला संगमरवर नको, ॲसिडच्या एका थेंबाने त्याची झळाळी कायमची जाते.

पाचवी पायरी : हवा आणि उजेड

स्वच्छतागृहातली हवा ताशी दहा वेळा बदलावी, असे धरून पंख्याचा हिशेब करावा. आपल्या १९ चौरस मीटरच्या खोलीत फॉल्स सीलिंग २.६ मीटरवर असेल, तर आतली हवा सुमारे ४९ घनमीटर होते. म्हणजे पंख्याने ताशी ४९० घनमीटर, पंखेवाल्यांच्या भाषेत सुमारे २९० सीएफएम (मिनिटाला घनफूट), हवा ओढायला हवी. पण पंखा मोठा घेऊन भागत नाही. जेवढी हवा बाहेर जाते, तेवढी कुठून तरी आत यावी लागते. दाराच्या खालच्या भागात झडपेची जाळी नसेल, तर पंखा नुसता आवाज करत फिरतो. हवा मार्गिकेतून आत आणि तिथून बाहेर, अशीच वाहिली पाहिजे, म्हणजे वास कार्यालयाकडे येत नाही. ओढलेली हवा डक्टमध्ये सोडून देण्याचा प्रकार सर्रास चालतो. तो टाळावा आणि ती हवा गच्चीपर्यंत वेगळ्या नळीने न्यावी, नाहीतर तिसऱ्या मजल्याचा वास पाचव्यावर पोचतो.

दिव्यांबाबत एकच सांगणे आहे. हालचाल ओळखून लागणारे दिवे वीज वाचवतात, पण छताच्या मध्यावरचा सेन्सर क्यूबिकलच्या आत शांत बसलेल्या माणसाला पाहू शकत नाही आणि पाच मिनिटांनी अंधार होतो. दिवा मालवण्याची वेळ वीस मिनिटांवर ठेवावी आणि एक दिवा सेन्सरशिवाय कायम सुरू असावा. आरशावरचा दिवा समोरून चेहऱ्यावर यावा. डोक्यावरून येणारा दिवा डोळ्यांखाली सावल्या पाडतो.

सहावी पायरी : सफाईची मोरी

ही पायरी नवख्यांच्या नकाशात बहुधा नसतेच आणि माझ्या मते सर्व पायऱ्यांत तीच महत्त्वाची आहे. मजल्यावर सफाई करणाऱ्या मावशींना बादली कुठे भरता येते, पुसणी कुठे पिळता येते आणि ती कुठे वाळत घालता येते, या प्रश्नांची उत्तरे नकाशावर बोट ठेवून देता आली पाहिजेत. ती जागा नसली की बादली अपंगांच्या खोलीतल्या जेटने भरली जाते, पुसणी हात धुण्याच्या बेसिनमध्ये पिळली जाते आणि ओला झाडू क्यूबिकलच्या कोपऱ्यात टेकतो. त्यात मावशींचा काही दोष नाही.

दीड मीटर बाय एक मीटरची एक छोटी खोली पुरते. तिच्यात जमिनीलगत कठडा असलेली मोरी असावी, म्हणजे भरलेली बादली उचलून सांडायला कंबर वाकवावी लागत नाही. तिच्यावर बादली सहज मावेल इतक्या उंचीवर नळ असावा, भिंतीवर पुसण्या उलट्या टांगायचे हूक, फिनेल आणि ॲसिडच्या बाटल्यांसाठी कुलपाची फळी आणि हवा खेळती ठेवायला झडप असावी. शक्य असेल तर एक खुर्ची आणि सामान ठेवायला लॉकरही द्यावा. माणूस आठ तास त्या मजल्यावर काम करतो आणि त्याला टेकायला जिन्याची पायरीच मिळते, हे आपल्या अनेक झगझगीत इमारतींचे वास्तव आहे.

मोरी काढून झाली की संपूर्ण नकाशा सफाई करणाऱ्याच्या हातांनी फिरून पाहावा. कमोड आणि पार्टिशन यांच्यामध्ये ब्रश जातो का, युरिनलच्या मागे हात पोचतो का, ओट्याखालचा पाइप उघडा असेल तर त्यावरची धूळ कोण पुसणार, भिंतीच्या आणि जमिनीच्या सांध्याला गोलाई आहे का, हे पाहावे. इमारतीबाहेरचे चेंबरही याच नजरेने बसवावेत. २०१३ च्या कायद्याने गटारात किंवा सेप्टिक टाकीत संरक्षक साधनांशिवाय हाताने सफाईसाठी माणूस उतरवण्यास बंदी आहे. तेव्हा चेंबर अशा जागी हवेत, जिथे यंत्राची गाडी येऊन उभी राहू शकते आणि वाहनतळातली गाडी त्यांच्यावर कायमची उभी राहत नाही.

सातवी पायरी : ताबा घेताना

ताबा घेण्याच्या दिवशी एक बादली, एक टिश्यू पेपर आणि एक वही सोबत न्यावी. चारही कोपऱ्यांत पाणी ओतून ते जाळीकडे किती वेळात जाते ते पाहावे. टिश्यू पंख्याच्या जाळीपाशी धरावा. तो चिकटून राहिला तर हवा ओढली जात आहे, खाली पडला तर नाही. सर्व फ्लश एकदम दाबून कोणत्या ट्रॅपमध्ये बुडबुडे येतात ते ऐकावे. बुडबुडे येत असतील तर मैल्याच्या पाइपांना हवा देणारा पाइप कुठे तरी कमी पडला आहे. प्रत्येक कॉक बंद होतो का, हे स्वतः फिरवून पाहावे आणि कोणता कॉक कोणत्या वाहिनीचा आहे याच्या पट्ट्या डक्टमध्ये लावून घ्याव्यात.

इमारत वापरात आल्यावर महिनाभराने, कामाच्या दिवशी दुपारी चार वाजता, पूर्वसूचना न देता पुन्हा एकदा जावे. त्या वेळी व्यवस्थापकाच्या ऐवजी मावशींना विचारावे की कोणती जागा पुसताना गुडघे टेकावे लागतात, कोणता हूक तुटला आणि कोणत्या जाळीशी पाणी थांबते. त्या जे सांगतील ते वहीत लिहून घ्यावे आणि पुढच्या इमारतीचा पहिला नकाशा काढताना ती वही टेबलावर उघडी ठेवावी.